दूरदेशीचा गावगाडा – भाग ६ : गाव एक, कारभारी अनेक

गेल्या आठवड्यात दक्षिण आफ्रिकेतल्या महानगरांचा कारभार पाहिला. आता डोंगर चढू. ईस्टर्न केप प्रांतातल्या अमाथोले डोंगररांगांत अमाहलाथी ही स्थानिक पालिका आहे. तिचं मुख्यालय स्टुटरहाइमला, आणि लोक बहुतांशी खोसा बोलणारे. पालिका म्हटलं की आपल्याला शहर आठवतं; दक्षिण आफ्रिकेत मात्र इंच न् इंच जमीन कुठल्या ना कुठल्या पालिकेच्या हद्दीत असते. त्यामुळे अमाहलाथीत लहान शहरं आहेत, गोऱ्या शेतकऱ्यांची मोठाली शेतं आहेत, पाइनच्या लागवडी आहेत, यलोवूडचं जुनं जंगल आहे आणि खेडीही आहेत.

ही मोट बांधली गेली २००० साली. त्याआधी स्टुटरहाइम आणि कॅथकार्ट ‘गोऱ्या’ दक्षिण आफ्रिकेत होती, तर काइस्कामाहूकचं खोरं सिस्काय नावाच्या, कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या काढलेल्या ‘होमलँड’मध्ये. १९८१ साली सिस्कायला स्वातंत्र्य दिल्याचं सोंग झालं. ते १९९४ साली संपलं. डिसेंबर २०००च्या निवडणुकीने दोन्हीकडचे प्रतिनिधी एकाच सभागृहात आणून बसवले. जमिनीचा व्यवहार मात्र वेगळाच राहिला. शेतमालकांकडे खरेदीखतं होती. खेड्यांतली बरीचशी जमीन सरकारच्या नावावर होती आणि गावचा मुखिया म्हणेल त्याने ती कसायची होती.

सभागृहातले निम्मे नगरसेवक प्रभागांतून निवडून येतात, उरलेले पक्षांच्या यादीतून. प्रत्येक प्रभागात नगरसेवकाच्या अध्यक्षतेखाली जास्तीत जास्त दहा जणांची समिती नेमता येते. ही समिती सल्ला देते. तिजोरीची किल्ली तिच्याकडे नसते. पारंपरिक प्रमुखांना सभागृहात बसता येतं, बोलता येतं, पण मत देता येत नाही. आपल्या ग्रामपंचायतीसारखी खेड्याची स्वतःची निवडून आलेली संस्था तिथे नाही.

मग गावकऱ्याने गाऱ्हाणं घेऊन जायचं कुठे? गावातल्या रस्त्यासाठी पालिकेकडे. नळ कोरडा पडला तर जिल्हा पालिकेकडे, कारण पाणीपुरवठा तिच्याकडे आहे. शेताचा तुकडा हवा तर मुखियाकडे. सरकारी जंगलासाठी वनखात्याकडे. आणि जंगलाशी संबंध तर रोजचाच. खोसा घराच्या आवारात सरपणाची नीट रचलेली रास दिसते, तिला ‘इगोको’ म्हणतात. ती घरच्या बाईची. घरात विधी-समारंभ निघाला की चुलीला लाकूड तिथूनच येतं. गुरांचा गोठा, ‘उबुहलांती’, फांद्यांच्या कुंपणाचा. तो पुरुषांचा, पूर्वजांशी बोलण्याचा. दोन्हींचं लाकूड जंगलातलं, आणि त्या जंगलावर निवडून दिलेल्या नगरसेवकाचा काडीचा अधिकार नाही.

या गुंत्यातून वाट काढणारं एक गाव याच पालिकेत आहे: काइस्कामाहूकजवळचं काता. १९६०च्या दशकात ‘बेटरमेंट’ योजना या गावात आली. मातीची धूप थांबवून शेती सुधारायची, असं कारण सांगितलं गेलं. प्रत्यक्षात विखुरलेली घरं मोडून लोकांना आखीव वस्तीत कोंबलं, शेतं आणि कुरणं कुंपणांनी वेगळी केली, आणि अनेकांच्या हातून कसायची जमीन गेली. १९९४च्या जमीन परतफेड कायद्याखाली अशा योजनेची भरपाई मिळते का, याबद्दल सरकारी खातंच साशंक होतं. कातावासीयांनी एका स्वयंसेवी संस्थेच्या मदतीने दावा लढवला आणि २००० साली तो मिटला. ३३४ कुटुंबं, प्रत्येकी सुमारे ३१,७०० रँड. त्यातली निम्मी रक्कम रोख वाटली, निम्मी गावाच्या विकासासाठी राखून ठेवली.

खरी कमाई या दुसऱ्या निम्म्यात होती. गावाने सामुदायिक मालमत्ता संघ स्थापन केला, आराखडा केला, आणि त्यातून सिंचन, वनलागवड अशी कामं उभी राहिली. विस्थापनाचा इतिहास सांगणारं छोटं संग्रहालयही झालं. पालिका, वनखातं, मुखिया सगळे होते तिथेच राहिले. फरक इतकाच, की त्यांच्या दारात आता एकेकटा अर्जदार जात नव्हता. स्वतःचा आराखडा आणि स्वतःचा पैसा असलेलं गाव जात होतं.

मतदानाचा हक्क १९९४ साली मिळाला, पालिका २००० साली आली. पायाखालच्या जमिनीचा प्रश्न मात्र अजून भिजत पडला आहे. सामुदायिक जमिनींसाठी २००४ साली केलेला कायदा घटनात्मक न्यायालयाने २०१० साली रद्द केला. तेव्हापासून अशा खेड्यांचे जमीनहक्क मुख्यतः १९९६च्या एका ‘तात्पुरत्या’ कायद्यावर तगून आहेत, आणि त्याची मुदत वर्षा-वर्षाने वाढवली जाते.