वेबसाइट तर झाली, पण गिऱ्हाईक कुठे? – छोट्या व्यवसायाची ऑनलाइन जाहिरात समजून घेऊया



आजचा लेख थोडा वेगळा आहे. शेकडेवारीचा धडा यात आहे, पण तो पाठ्यपुस्तकातून नाही, एका पालक ताईंच्या अनुभवातून आला आहे.

माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीची आई बचत गटात आहे. गटातल्या दहा जणी मिळून पापड, कुरडया, शेवया करतात. गेल्या उन्हाळ्यात ताईंच्या भाच्याने गटाची छोटीशी वेबसाइट बनवून दिली. सगळ्यांना खूप आनंद झाला. महिना गेला, ऑर्डर काही आली नाही. मग कोणीतरी सांगितलं, "जाहिरात टाका." गटाच्या बचतीतले ३,००० रुपये काढून फेसबुकवर जाहिरात केली. सहाशेच्या वर लाइक आले आणि ऑर्डर आल्या दोन. त्यातली एक भाच्याच्या मित्राची!

पालक सभेनंतर ताई थांबल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, साइट त बनवली, पन घेवाले कोनी येऊनच नाई राह्यलं. गटातल्या बाया मले पैसे मांगून राह्यल्या."

३,००० रुपये शहरात कदाचित फार वाटणार नाहीत. पण दर महिन्याला शंभर-शंभर रुपये टाकणाऱ्या बायांसाठी ती मोठी रक्कम आहे. शिवाय प्रश्न विश्वासाचाही होता. म्हणून मी या विषयाचा थोडा अभ्यास केला, आम्ही दोघी बसलो आणि हिशोब मांडला. तेच तुमच्यासाठी सोप्या भाषेत लिहिते.

१) वेबसाइट म्हणजे आडगल्लीतलं दुकान

आठवडी बाजारात माल मांडला की येणारा-जाणारा बघतोच. वेबसाइटचं तसं नाही. ती आडगल्लीतल्या दुकानासारखी असते. पाटी नाही, रस्ता माहीत नाही, तर गिऱ्हाईक येणार कसं? ते तीन वाटांनी येतं:
• शोधताना सापडलं म्हणून,
• जाहिरात दिसली म्हणून,
• कोणीतरी सांगितलं म्हणून.

यातली दुसरी वाट पैशाची आहे. पहिल्या आणि तिसऱ्या वाटेला पैसे कमी आणि मेहनत जास्त लागते. आपण बहुतेक जण दुसऱ्या वाटेने सुरुवात करतो आणि तिथेच चुकतो.

२) जाहिरात चालते कशी?

खामगाव किंवा मलकापूरच्या बाजार समितीतला लिलाव तुम्ही पाहिला असेल. गूगलवरची जाहिरातही लिलावच आहे. गूगलने ही सेवा २००० साली सुरू केली. समजा कोणी "लोणार सरोवर मुक्काम" असं शोधलं, तर त्या क्षणी त्या शब्दांसाठी बोली लावणाऱ्या सगळ्यांचा लिलाव होतो. पण इथे फक्त जास्त बोली लावणारा जिंकत नाही. जाहिरात शोधाला किती जुळते आणि क्लिक केल्यावर उघडणारं पान किती उपयोगी आहे, हेही पाहिलं जातं. त्यामुळे चांगलं पान असलेला छोटा दुकानदार कमी बोलीतही वर येऊ शकतो. पैसे साधारणपणे कोणी क्लिक केलं तरच लागतात.

फेसबुक-इन्स्टाग्रामचं वेगळं आहे. तिथे माणूस काही विकत घ्यायला आलेला नसतो. तो भाच्याच्या लग्नाचे फोटो बघत असतो आणि मध्येच आपली जाहिरात येते. शिवाय जाहिरात देताना "उद्देश काय?" असं विचारलं जातं. लाइक-कमेंट हवेत असं निवडलं, तर लाइक करणाऱ्या लोकांनाच ती दाखवली जाते. आमच्या ताईंचं नेमकं हेच झालं होतं. लाइक मागितले, लाइक मिळाले. ऑर्डर मागितलीच नव्हती! मेसेज किंवा विक्री असा उद्देश निवडायला हवा होता.

३) कोणाला दाखवायची?

हा प्रश्न पैसे वाचवतो. लोणारजवळ राहण्याची सोय करणाऱ्याचं गिऱ्हाईक लोणारमध्ये नाही, ते पुण्या-मुंबईत, नागपुरात, संभाजीनगरात आहे. उलट बुलढाण्यात घरपोच डबा देणाऱ्याचं गिऱ्हाईक पाच-सात किलोमीटरच्या आतच आहे. त्याची जाहिरात मुंबईत दिसली तर पैसे वाया.

गूगलच्या सेटिंगमध्ये एक खाचखळगा आहे. ठिकाण निवडल्यावर आपोआप "त्या ठिकाणी असलेले किंवा त्या ठिकाणाबद्दल रस दाखवणारे" असे दोन्ही लोक घेतले जातात. फक्त जवळचे हवे असतील तर ते आपण स्वतः बदलावं लागतं. तसंच नको असलेले शब्दही वगळता येतात. कुरडई विकणाऱ्याने "रेसिपी" हा शब्द वगळला, तर घरी करून बघणाऱ्यांच्या क्लिकचे पैसे वाचतात.

४) आता शेकडेवारी

ताईंना मी वहीवर हे उदाहरण घालून दिलं. तुम्ही वर्गात किंवा घरी मुलांकडून करून घेऊ शकता.

समजा एका क्लिकला ५ रुपये लागतात.
१०० क्लिक = ५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ९० रुपये. एकूण ५९० रुपये.
१०० पैकी २ जणांनी ऑर्डर दिली, म्हणजे २ टक्के.
एका ऑर्डरमागे नफा ८० रुपये, तर दोन ऑर्डरचे १६० रुपये.
५९० खर्च, १६० नफा. म्हणजे ४३० रुपये तोटा.

मग एका क्लिकला जास्तीत जास्त किती द्यावेत? नफ्याला ऑर्डरच्या टक्केवारीने गुणा: ८० चे २ टक्के = १ रुपया ६० पैसे. यापेक्षा महाग क्लिक (कर धरून) परवडत नाही.

ताई लगेच म्हणाल्या, "म्हंजे जाहिरात करूच नाई का?" तसं नाही. हे गणित दोन ठिकाणी बदलता येतं. पान सुधारलं आणि २ ऐवजी ५ जण घेऊ लागले, तर ८० चे ५ टक्के = ४ रुपये परवडतात. आणि तेच गिऱ्हाईक वर्षात तीनदा आलं, तर नफा ८० नाही, २४० धरायचा. म्हणजे जाहिरातीवरचा खर्च वाढवण्याआधी पान आणि माल नीट करायचा. नाहीतर फुटक्या रांजणात पाणी ओतल्यासारखं होतं.

५) फुकटची कामं आधी

गूगल बिझनेस प्रोफाइलवर दुकानाची नोंद मोफत आहे. ज्यांची गिऱ्हाइकाशी प्रत्यक्ष भेट होते, म्हणजे दुकानात किंवा घरपोच देताना, त्यांना ती करता येते. घरून काम असेल तर पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचा भाग दाखवता येतो. जवळपासचं शोधताना कोणाचं नाव वर यावं हे गूगल प्रामुख्याने तीन गोष्टींवर ठरवतं: शोधाशी जुळणं, अंतर आणि प्रसिद्धी. अंतर आपल्या हातात नाही, बाकीच्या दोन आहेत.

वेबसाइटच्या पानावर या गोष्टी तपासा:
• भाव, वजन, पाठवण्याचा खर्च स्पष्ट लिहिला आहे का?
• फोन नंबरवर बोट लावलं की फोन लागतो का?
• मजकूर टाइप केलेला आहे की सगळं चित्रातच आहे? चित्रातलं लिखाण शोधात नीट सापडत नाही.
• खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर दिला आहे का?
• फोटो आपल्या मालाचेच आहेत का?

ताईंच्या साइटवर भावच नव्हता! "भाव विचाराले फोन करतीनच ना," असं त्यांना वाटलं होतं. लोक फोन करत नाहीत, पुढे जातात.

आणि मराठीत लिहायला लाजू नका. वेबसाइटचा पत्तासुद्धा देवनागरीत घेता येतो. '.भारत' हा शेवट २०१४ पासून उपलब्ध आहे.

६) माणसांनी माणसांना सांगणं

शेगावची कचोरी महाराष्ट्रभर कशी पोचली? शेगाव मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावर आहे. स्टेशनवर प्रवाशांनी खाल्ली, बांधून नेली, घरी जाऊन सांगितलं. गजानन महाराजांच्या दर्शनाला आलेल्यांनीही नेली. एका माणसाने दुसऱ्याला सांगणं, हीच जाहिरात. आज तेच बोलणं व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकच्या गटांत चालतं.

पण गटात जाऊन रोज "आमच्याकडे पापड मिळतील" असं टाकणं म्हणजे चर्चा नाही. लोक कंटाळतात, अ‍ॅडमिन काढून टाकतात. ताई पुण्यात राहणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या लोकांच्या एका गटात होत्या. तिथे कोणीतरी विचारलं, "कुरडईचा चीक आंबट का होतो?" ताईंनी सविस्तर उत्तर दिलं: गहू तीन दिवस भिजवायचा, पाणी रोज बदलायचं, वाटून गाळून चीक खाली बसू द्यायचा, वरचं पाणी काढूनच शिजवायचा. शेवटी लिहिलं, "आमचा गट कुरडया करतो, म्हणून माहीत आहे." विकत घ्या असं म्हटलंच नाही. त्याच आठवड्यात पाच जणींनी भाव विचारला.

यात तीन नियम पाळावेत:
• आधी गटाचे नियम वाचा, अ‍ॅडमिनला विचारा.
• माल आपला आहे हे उघड सांगा. गिऱ्हाईक असल्याचं नाटक नको.
• खोटे अभिप्राय लिहू नका, लिहून घेऊ नका. सूट देऊन अभिप्राय मागणं गूगलच्या नियमात बसत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे छोट्या विक्रेत्यालाही लागू आहेत. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये वेगळं मानकही काढलं आहे.

कोणी वाईट अभिप्राय दिला तर भांडू नका. चूक असेल तर मान्य करा, बदलून द्या. ते उत्तर पुढचे शंभर जण वाचतात.

शिक्षकांना एक विनंती: वर्गाचा पालक गट शाळेच्या कामासाठीच ठेवूया. तिथे एका पालकाची जाहिरात चालली की उद्या दहा येतील. आणि मुलांचे फोटो कोणाच्याही जाहिरातीत नकोत.

७) फसवणुकीपासून सावध

वेबसाइटवर नंबर टाकला की फोन सुरू होतात. "तुमची साइट गूगलच्या पहिल्या पानावर आणून देतो, गॅरंटी!" अशी गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगल स्वतः सांगतं. "मोठी ऑर्डर आहे, पैसे पाठवतो, कोड स्कॅन करा" असंही सांगतात. लक्षात ठेवा, पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले. ओटीपी कोणाला सांगू नका. फसलात तर लगेच १९३० वर फोन करा. उशीर झाला की पैसे अडवणं कठीण होतं.

८) वर्गात काय करता येईल?

आपल्या शाळांत आनंद मेळावा होतोच. मुलं भेळ, बोरं, लिंबूसरबत विकतात. यंदा एवढं करून बघा:
• प्रत्येक दुकानासाठी मुलांनी एक पाटी लिहावी: नाव, भाव, एक खरं वैशिष्ट्य.
• दोन मुलांनी फक्त मोजावं: किती जण थांबले, किती जणांनी घेतलं. टक्केवारी काढावी.
• "तुला इथे कोणी पाठवलं?" असं गिऱ्हाइकाला विचारून पाटी, आरोळी आणि मित्र असे तीन रकाने भरावेत.
• शेवटी चर्चा: पाटीवर लिहिलं तसंच मिळालं का?

यात गणित, भाषा आणि प्रामाणिकपणा, तिन्ही येतं.

आमच्या ताईंचं काय झालं? चमत्कार झाला नाही. गेलेले ३,००० परत आले नाहीत. त्यांनी गटाच्या बैठकीत वही उघडून पूर्ण हिशोब मांडला, चूक कुठे झाली ते सांगितलं. पान सुधारलं, भाव टाकले, जाहिरात बंद ठेवली. पुढच्या दीड महिन्यात अकरा ऑर्डर आल्या, बहुतेक पुण्याच्या त्या गटातून. आता दिवाळीआधी ५०० रुपयांची जाहिरात करून बघायची, आणि रोज किती क्लिक, किती ऑर्डर हे वहीत लिहायचं, असं गटाने ठरवलं आहे. वही लिहिण्याचं काम माझ्या त्या चौथीतल्या विद्यार्थिनीकडे आहे. तिची शेकडेवारी आता पक्की होणार, याची मला खात्री आहे.

तुमच्या ओळखीत असा छोटा व्यवसाय करणारे पालक असतील, तर त्यांच्यासोबत बसून एकदा कलम ४ मधलं गणित करून बघा. आणि काही अनुभव असेल तर जरूर कळवा.