विश्लेषण : ‘कुठे उतरणार?’ विचारायचे कोणाला? इअरफोन आणि मोबाइलमुळे रोजचा संवाद कसा आटला?

सकाळी साडेआठची लोकल. डबा खचाखच भरलेला, पण बोलण्याचा आवाज जवळपास नाही. उभ्या प्रवाशाला बसलेल्याला ‘कुठे उतरणार?’ असे विचारायचे आहे. मुंबईत बसायच्या जागेचा नंबर लागतो तो याच प्रश्नाने. पण समोरच्याच्या दोन्ही कानांत इअरफोन आणि नजर स्क्रीनवर. खांद्याला हात लावावा लागतो. तो दचकतो, एक इअरफोन काढतो, ‘दादर’ म्हणतो आणि इअरफोन पुन्हा कानात. कोणीही उद्धट वागलेले नाही, तरीही दोन शब्दांची देवाणघेवाण आता व्यत्यय ठरली आहे. हे कसे घडले आणि त्यात नेमके काय जाते?

सुरुवात कुठून झाली?

सोनी कंपनीने १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये पहिला वॉकमन बाजारात आणला. टीपीएस-एल२ या मॉडेलला हेडफोन लावण्यासाठी एक नव्हे, दोन जागा होत्या. शिवाय नारिंगी रंगाचे ‘हॉटलाइन’ बटण होते. ते दाबले की गाण्याचा आवाज कमी होई आणि आतल्या माइकमुळे सोबत ऐकणाऱ्याशी बोलता येई. एकट्यानेच गाणी ऐकत बसणे लोकांना असभ्यपणाचे वाटेल, अशी शंका सोनीचे सहसंस्थापक अकिओ मोरिता यांना होती. आत्मचरित्रात त्यांनी ती नोंदवली आहे. प्रत्यक्षात ग्राहकांना वॉकमन स्वतःपुरताच हवा होता. पुढे हे बटण आणि दुसऱ्या हेडफोनची जागा, दोन्ही मॉडेलमधून गेले.

आजचे इअरफोन वेगळे कसे?

वॉकमनच्या फोमच्या हेडफोनमधून बाहेरचे आवाज आत येत असत. आजच्या ‘नॉइज कॅन्सलिंग’ इअरफोनमधले माइक बाहेरचा आवाज टिपतात आणि आतली चिप त्याच्या बरोबर उलटी ध्वनिलहर तयार करते. दोन्ही लहरी एकमेकींना मिटवतात. गाडीची घरघर किंवा पंख्यासारख्या सलग, खालच्या पट्टीतल्या आवाजांवर हे तंत्र सर्वाधिक परिणामकारक ठरते. माणसाचा आवाज त्याने पूर्ण जात नाही; पण कानात घट्ट बसणारी रबरी टोके आणि चालू असलेले गाणे उरलेले काम करतात. वायरही नाहीशी झाल्याने समोरचा ऐकतो आहे की नाही, हे अनेकदा कळतच नाही.

नेमके काय हरवते?

घरचे आणि जवळचे मित्र मोबाइलवर भेटतातच. कमी होते ती तोंडओळख : रोजच्या गाडीतला सहप्रवासी, लिफ्टमधले शेजारी, नाक्यावरचा दुकानदार. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मधील निबंधात अशा सैल ओळखींचे महत्त्व दाखवून दिले. नोकरीची खबर अनेकदा जिवलग मित्राकडून नव्हे, तर अधूनमधून भेटणाऱ्या परिचिताकडून मिळते. कारण जवळच्यांना जे माहीत असते, ते बहुधा आपल्यालाही माहीत असते.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांचा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोगही बोलका आहे. सहभागींना एक अनोळखी इमारत शोधायला सांगण्यात आले. काहींजवळ फोन होता, काहींजवळ नव्हता. फोनवाल्यांना इमारत सहज सापडली. पण इतरांशी जोडले गेल्याची भावना त्यांच्यात कमी होती. आपल्याकडेही टपरीवर पत्ता विचारण्याची जागा मॅपने घेतली आणि ‘ही स्लो आहे ना?’ या प्रश्नाची जागा ॲपने. वेळ वाचतो, पण अनोळखी माणूस विचारल्यावर मदत करतो, हा अनुभव त्याबरोबर कमी होतो.

अनोळखी माणसाशी बोलणे खरेच नको असते?

शिकागोमध्ये निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी रोज गाडीने ये-जा करणाऱ्यांवर प्रयोग केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना शेजारच्याशी गप्पा मारायला, काहींना गप्प बसायला, तर काहींना नेहमीसारखा प्रवास करायला सांगितले. गप्पांमुळे प्रवास कंटाळवाणा होईल, असा लोकांचा अंदाज होता. घडले उलटे : बोलणाऱ्यांचा प्रवास अधिक सुखाचा झाला. निम्म्याहून कमी लोक बोलायला तयार होतील, हाही समज चुकला. पुढे लंडनच्या गाड्यांमध्येही असेच निष्कर्ष मिळाले. म्हणजे इच्छा दोघांचीही असू शकते; फक्त समोरच्याला नको असेल, असे दोघेही धरून चालतात. इअरफोन हा समज पक्का करतो.

मग सगळा दोष गॅजेटचाच?

नाही. दोन-दोन तास गर्दीत काढणाऱ्याला थोडा निवांतपणा हवा असतो. नको असलेले बोलणे टाळण्यासाठी अनेक महिला गाणे बंद असतानाही इअरफोन कानात ठेवतात. मोठ्याने व्हिडीओ लावणाऱ्यांचा त्रास वेगळाच. त्यामुळेच बेस्टने २०२३ मध्ये बसमध्ये हेडफोनशिवाय मोबाइलवर गाणी-व्हिडीओ लावण्यास मनाई केली. गावाबाहेर राहणाऱ्या मुलांशी आई-वडिलांचा रोजचा दुवाही हाच मोबाइल आहे. प्रश्न वापराचा नाही, तो दिवसभर अखंड चालण्याचा आहे.

उपाय काय?

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये सामूहिक मार्ग काढला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि पुढचा दीड तास घराघरांत टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचे. मुले अभ्यासाला बसतात आणि मोठ्यांना एकमेकांशी बोलायला वेळ मिळतो. एकट्याने फोन बाजूला ठेवला तर बोलायला कोणी नसते. सगळ्यांनी एकाच वेळी ठेवला तर ती अडचण राहत नाही.

लोकलमध्ये असा भोंगा वाजणार नाही. मात्र बाहेरचा आवाज आत घेणारी सोय आज अनेक इअरफोनमध्ये असते. १९७९ च्या त्या नारिंगी बटणासारखेच तिचे काम आहे. ती नसेल, तर स्टेशन येईपर्यंत एक कान मोकळा ठेवला तरी ‘कुठे उतरणार?’ हे पहिल्या हाकेत ऐकू येईल.