टेपवर जे कधी चढलंच नाही

ठाण्यातल्या गोखले रोडच्या मागच्या गल्लीतली आमच्या जुन्या ऑफिसची इमारत २०२५ साली पुनर्विकासाला गेली. जागा रिकामी करताना लोखंडी कपाटातून टेपच्या कार्ट्रिजचा ढीग निघाला. प्रत्येकीवर गिऱ्हाइकाचं नाव, तारीख आणि खाली ठळक अक्षरांत 'फुल बॅकअप'. भंगारवाल्यानं सगळा ढीग किलोवर नेला. त्याच वर्षी २६ जुलै २००५च्या पुराला वीस वर्षं झाली, आणि त्याच जुलैत एका तरुण इंजिनिअरनं मला सांगितलं, "काका, आता बॅकअपची काळजी करायची गरजच नाही, सगळं आपोआप होतं." हे ऐकून मला वाईट वाटलं. नौपाड्यात एके काळी बॅकअपच्या नावाखाली काय चालायचं, ते पाहिलेली माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत, म्हणून हे लिहितोय.

हा बॅकअप टेपवर घेणारा टार हा प्रोग्राम १९७९चा, बेल लॅब्जच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आलेला. फायली ५१२ बाइटच्या ठोकळ्यांत एकापाठोपाठ एक टेपवर रचायच्या, हे त्याचं काम. ऐंशीचं दशक मी सोडून देतो. तेव्हा माझ्या ओळखीत कुणाकडे संगणकच नव्हता. खरी गोष्ट सुरू होते १९९५च्या सुमारास.

तिथून पुढच्या दहा वर्षांत नौपाडा, विष्णुनगर, राम मारुती रोड या पट्ट्यातल्या पतपेढ्या, सीएंची ऑफिसं आणि वागळे इस्टेटमधले लहान कारखानदार एकेक करून संगणकावर आले. कोपऱ्यात एक युनिक्सचं मशीन, त्याला जोडलेली टर्मिनल्स आणि एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. संध्याकाळी कॅश जुळली की क्लार्क कार्ट्रिज आत सरकवायचा आणि पाठ केलेली कमांड मारायचा. पडद्यावरून फायलींची नावं धावायची, टेप घरघरायची. ती थांबली की कार्ट्रिज मॅनेजरच्या बॅगेतून घरी जायची. ही शिस्त उत्तम होती. आज ती कुठेच दिसत नाही, याची मला हळहळ वाटते.

पण त्या टेपवर काय चढत नव्हतं, हे ना क्लार्कला माहीत होतं ना मॅनेजरला.

युनिक्समध्ये टर्मिनल, प्रिंटर, टेप ड्राइव्ह, अगदी कन्सोलसुद्धा फाइलच्या रूपात असतो. 'डेव्ह' नावाच्या डिरेक्टरीत या फायली राहतात. त्यांच्या आत मजकूर नसतोच. यादी काढली की ओळीच्या सुरुवातीला 'सी' किंवा 'बी' हे अक्षर दिसतं, आणि आकाराच्या जागी स्वल्पविराम देऊन दोन आकडे. पहिला आकडा कुठला ड्रायव्हर ते सांगतो, दुसरा त्या ड्रायव्हरखालचं कुठलं उपकरण ते. या दोन आकड्यांवर सगळं मशीन उभं असतं. जुन्या टारला मात्र मजकूर असलेल्या साध्या फायलींपलीकडे काही कळत नव्हतं. उपकरणांच्या फायली तो वगळायचा. रिकाम्या डिरेक्टरीही वगळायचा, कारण डिरेक्टरीची वेगळी नोंदच तो ठेवत नसे. १९८८च्या पॉसिक्स मानकानं टारच्या साच्यात उपकरणं आणि पाइप यांना जागा दिली, पण आमच्या गिऱ्हाइकांची जुनी मशिनं जुनाच टार चालवत राहिली. सीपीआयओ हा दुसरा प्रोग्राम उपकरणं नीट उचलायचा. त्याची खोड वेगळी. त्याच्या जुन्या साच्यात फाइलच्या आयनोड क्रमांकासाठी, म्हणजे डिस्कवर फाइल ओळखायच्या आकड्यासाठी, सोळाच बिट होते. डिस्क मोठ्या झाल्या, क्रमांक ६५,५३५च्या पुढे गेले, आणि एकमेकींशी काही संबंध नसलेल्या दोन फायली त्याला एकाच फाइलची दोन नावं वाटू लागल्या.

हे सगळं मॅन्युअलमध्ये छापलेलं होतं. मशिनं विकणाऱ्यांनी ते वाचलेलं होतं, आणि तरी वार्षिक देखभालीच्या करारात ते 'संपूर्ण बॅकअप' असंच लिहीत राहिले. त्याची चीड मला आजही येते. वर्षातून एकदा अर्धा दिवस द्या, सुट्या डिस्कवर टेप उतरवून मशीन उभं राहतंय का ते पाहू, असं आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचो. "डेटा येतो ना? मग झालं!" हे उत्तर ठरलेलं. सुट्या डिस्कचा खर्च संचालक मंडळाला कधीच पटला नाही. नव्या काउंटरच्या ग्रॅनाइटला मात्र लगेच मंजुरी मिळायची.

मग २००५चा जुलै आला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तिकडे उल्हास नदीनं बदलापूर, कल्याणला वेढा घातला आणि इकडे आमच्या चिखलवाडीत नेहमीप्रमाणे सगळ्यांत आधी पाणी शिरलं. तिथून जवळच तळमजल्यावर असलेल्या एका पतपेढीचं मशीन बुटक्या स्टुलावर होतं. ते गेलं. इन्स्टॉलेशनच्या फ्लॉप्या खालच्या खणात होत्या, त्याही गेल्या. मॅनेजरच्या घरची कार्ट्रिज मात्र कोरडी ठणठणीत होती.

दुसऱ्या मशिनवर उसन्या बूट फ्लॉपीनं सुरुवात करून आम्ही टेप उतरवली. खात्यांच्या फायली सगळ्या आल्या, शिलकी पैशापर्यंत जुळल्या. फ्लॉपी काढली आणि मशीन स्वतःच्या डिस्कवरून उठेना, कारण कन्सोलची नोंद टेपवर नव्हतीच. ती हातानं केली तेव्हा ते उठलं. तरी टर्मिनल्स काळीच, आणि प्रिंटरकडे पाठवलेलं काम सरळ नाकारलं जात होतं. छपाईची कामं रांगेत थांबतात ती स्पूलची डिरेक्टरी बॅकअपच्या वेळी रिकामी होती, म्हणून ती आलीच नव्हती. मॅनेजर बाई आमच्या मागे उभ्या राहून विचारत होत्या, "सगळं आलं म्हणता ना साहेब, मग पासबुक का छापत नाही?" बाहेर भिजलेली पासबुकं घेऊन लोक रांगेत होते.

सगळ्यांत घातक प्रकार त्यानंतर सापडला. डेव्ह डिरेक्टरीत 'नल' नावाची फाइल होती आणि तिचा आकार वाढत चालला होता. नल म्हणजे नको असलेला मजकूर फेकण्याची जागा; खरं तर तेही एक उपकरण, तिथं काही साठत नाही. पण ती नोंद टेपवर नव्हती. प्रोग्रामांनी नेहमीप्रमाणे तिकडे मजकूर फेकला, आणि त्या नावाची वस्तू नाही म्हणून युनिक्सनं साधी फाइल तयार केली. तेव्हापासून सगळा कचरा तिच्यात साठत होता. तशीच राहिली असती तर डिस्क भरून पतपेढी पुन्हा बंद पडली असती.

त्या दिवशी पतपेढी वाचली ती कागदामुळे. माझ्या सहकाऱ्याला प्रत्येक गिऱ्हाइकाच्या डेव्ह डिरेक्टरीची यादी छापून फायलीत लावायची सवय होती. भोकांच्या पट्ट्यांचा तो लांबलचक कागद टेबलावर पसरून आम्ही एकेका उपकरणाचे दोन आकडे वाचत गेलो आणि तो एकेक नोंद पुन्हा तयार करत गेला. संध्याकाळी पहिलं पासबुक छापून बाहेर आलं. असं काम करणाऱ्या माणसाला त्या काळात कुणी बढती दिली नाही. आज तर त्या कामाला नावही नाही.

विंडोजवाल्यांची कथा वेगळी नव्हती. झिपच्या जुन्या साच्यात चार जीबीच्या वरची फाइल मावत नसे, फाइल कुणाच्या मालकीची आणि कुणाला परवानगी हे त्यात येत नसे, आणि रजिस्ट्रीसारख्या सतत उघड्या असणाऱ्या सिस्टिम फायलींना तर हातही लावता येत नसे. यात मराठीची झालेली आबाळ मला जास्त बोचते. यूनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे, तरी विंडोज ७पर्यंत मराठी नावाची फाइल विंडोजच्या स्वतःच्या झिपमध्ये टाकायला गेलं की या नावातली अक्षरं चालणार नाहीत, असं उत्तर मिळायचं. टारच्या जुन्या साच्यात नावाला १०० बाइट. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, काना-मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजून. 'वार्षिक सर्वसाधारण सभा इतिवृत्त २००५' हे नाव पुढच्या 'डॉट डॉक'सह १०४ बाइट भरतं. इंग्रजीत तेवढीच अक्षरं पन्नासाच्या आत बसतात. पॉसिक्सच्या २००१च्या साच्यानं ही मर्यादा काढली. पण तोवर आमच्या ऑफिसांनी मराठी इतिवृत्तांना 'एजीएम०५' अशी नावं द्यायची सवय लावून घेतली होती, आणि ती अजून सुटलेली नाही.

२००५नंतरची वर्षं माझ्या दृष्टीनं कोरडी गेली. लिनक्समध्ये उपकरणांच्या नोंदी आपोआप करणारं यूडेव्ह रुळलं, पुढे डेव्ह डिरेक्टरी दर बूटला मेमरीतच तयार होऊ लागली, आणि ज्या नोंदींपायी आम्ही रात्री जागवल्या त्यांचा प्रश्न एका फटक्यात मिटला. चांगलंच झालं. त्याबरोबर सगळेच प्रश्न मिटले, असा समज मात्र पसरला.

ते मिटलेले नाहीत. प्रोग्राम एकमेकांशी बोलतात त्या सॉकेटच्या फाइलपाशी आला की लिनक्सवरचा जीएनयू टार आजही ती सोडून दिल्याचं सांगतो आणि पुढे जातो. चालू मशिनची माहिती दाखवणाऱ्या 'प्रॉक' डिरेक्टरीतल्या बहुतेक फायली स्वतःचा आकार शून्य सांगतात, म्हणून टारमध्ये त्या रिकाम्याच जातात. चालू डेटाबेसच्या फायली उचलल्या तर अर्ध्या व्यवहाराआधीच्या आणि अर्ध्या नंतरच्या येतात. फायलींवरचे खास अधिकार, एसीएल, एसई-लिनक्सची लेबलं साठवायची सोय जीएनयू टारमध्ये २०१३च्या १.२७ आवृत्तीत आली, पण ती मागितल्याशिवाय मिळत नाही. पिंगला असे खास अधिकार दिलेल्या मशिनवर टारमधून सगळं परत उतरवा आणि साध्या वापरकर्त्याच्या नावानं पिंग करून पाहा. फाइल जागेवर असते, बाइटन् बाइट तीच असते, आणि तरी परवानगी नाही असं उत्तर येऊ शकतं. मागे उभ्या असलेल्या मॅनेजर बाईंचा प्रश्न तोच असेल. फक्त आता उत्तर देणारा समोर नसतो, कॉल सेंटरचा नंबर असतो.

त्याच पतपेढीचा मी सभासद आहे. सगळा कारभार आता दूरच्या सर्व्हरवर गेलाय, आणि करारात 'संपूर्ण बॅकअप' हे शब्द जसेच्या तसे आहेत. गेल्या सर्वसाधारण सभेत मी उठून विचारलं की हा बॅकअप दुसऱ्या मशिनवर उतरवून काउंटर सुरू करून पाहिला ती शेवटची तारीख कोणती. विषय आयत्या वेळचा म्हणून बाजूला ठेवला. यंदा मी मुदतीच्या आत लेखी पत्र देऊन पोच घेतली आहे. सेवा देणाऱ्या कंपनीनं संचालकांसमोर ही चाचणी करून दाखवावी आणि तिचा अहवाल इतिवृत्ताला जोडावा, अशी मागणी त्यात आहे.