रंगाखालची ओल : जुन्या गाडीला फोड का येतात?

कापसाच्या मुलखात ओलाव्याची किंमत कोणाला समजावून सांगावी लागत नाही. सीसीआयच्या खरेदी केंद्रावर माल पोहोचला की आधी ओलावा मोजतात. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे कपात आणि बारा टक्क्यांच्या वर माल परत. पण तोच माणूस जुनी गाडी रंगवायला देतो, तेव्हा पत्रा कोरडा आहे काय, हे विचारत नाही. आम्हीही विचारले नव्हते.

कळंबला आमचे कापडाचे दुकान आहे. काही वर्षांपूर्वी आमची जुनी मारुती ८०० ऐन श्रावणात रंगवून घेतली. घरात लग्न होते, घाई आमचीच होती. दिवाळीपर्यंत रंग आरशासारखा चमकत होता. पुढच्या पावसाळ्यात दारांच्या खालच्या बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढे फोड उठले आणि सारा खर्च वाया गेला. तेव्हापासून चार कारागिरांना विचारून जे समजले, ते वाचक बंधूंच्या उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहोत.

रंग पाणी पूर्ण अडवतो, ही समजूत चुकीची आहे. पाण्याची वाफ रंगाच्या थरातून हळूहळू आत जाते. आत काही नसेल तर तशीच बाहेरही पडते. पण रंगाखाली क्षार राहिले असतील तर ते पाणी ओढून घेतात. सुकी मनुका पाण्यात टाकली की फुगते, तसाच हा प्रकार. आतला दाब वाढतो, रंग पत्र्यापासून सुटतो आणि फोड येतो.

हे क्षार येतात कोठून? समुद्राकाठी ते हवेतच असतात. आपल्याकडे समुद्र नाही, पण बोअरचे जड पाणी आहे. वॉटर पेपर मारताना तेच वापरतात आणि ते वाळले की क्षार मागे राहतात. उघड्या हाताचा घामही तेच काम करतो.

दुसरे कारण पुटीन, म्हणजे लांबी, आणि प्रायमर. दोन्ही सुती कापडासारखी ओल पितात. प्रायमर मारून गाडी पावसाळ्यात आठ दिवस उघडी ठेवली आणि मग रंग चढवला, तर ओल आतच कोंडली जाते. तिसरे कारण कॉम्प्रेसर. दाबलेली हवा थंड झाली की टाकीत पाणी साचते. ते रोज काढले नाही तर रंगाबरोबर पाण्याचे तुषारही पत्र्यावर बसतात.

फोड ओलीचा की गंजाचा, हे सुईने टोचून पाहावे. खाली प्रायमर किंवा स्वच्छ पत्रा दिसला तर ओल. तांबूस भुकटी निघाली तर गंज. ओल लवकर हटवली नाही तर पुढे तिचाच गंज होतो.

इलाज वरून रंग मारण्याचा नाही. फोड आलेला भाग पत्र्यापर्यंत खरवडावा, गंज काढावा, क्षार नसलेल्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा. त्यानंतर आधी इपॉक्सी प्रायमर, कारण तो ओल सर्वांत चांगली रोखतो. मग पुटीन, प्रायमर आणि विनाविलंब रंग. काम दिवाळीनंतर ते होळीपर्यंत काढावे. कारागीर पावसाळ्यात नाही म्हणाला, तर त्याला आळशी समजू नये, तो आपलेच भले करीत असतो.

गाडीवरचे कव्हरही पाहून घ्यावे. ओल्या गाडीवर प्लास्टिकचे कव्हर टाकून ती उन्हात उभी केली, तर उष्णता आणि वाफ मिळून रंगाचे नुकसान करतात. हवा खेळेल असे कापडी कव्हर बरे, तेही गाडी सुकल्यावर.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. विदर्भाच्या उन्हाळ्यात फोडातील पाणी उडून जाते आणि फोड बसतात. म्हणून मे महिन्यात निर्मळ दिसणारी गाडी ऑगस्टमध्ये पुन्हा फोड दाखवू शकते. घेणाऱ्याने सकाळच्या तिरप्या उजेडात दारांचा खालचा भाग आणि मडगार्ड न्याहाळावे. लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवावा. जेथे तो धरत नाही, तेथे पुटीन जाड आहे. रंग कोणत्या महिन्यात मारला, हेही विचारावे. आणि विकणाऱ्याने फोड येऊन गेले असतील तर ते सांगून भाव करावा. ओला कापूस सुक्याच्या भावाने विकणे आपण गैर मानतो. मग रंगाखालची ओल लपवणे योग्य कसे?