मोत्यांचा मांडव आणि गच्चीवरचा मांडव

तमिळनाडूत कुंभकोणमजवळ पट्टीश्वरम् नावाचं गाव आहे. सातव्या शतकातले बालसंत संबंधर रणरणत्या उन्हात या गावाकडे पायी येत होते. तेव्हा शंकराने काय केलं म्हणे? आपल्या भूतगणांना पाठवून संबंधरांच्या डोक्यावर मोत्यांचा मांडव धरला! आणि येणारा बाळ नीट दिसावा म्हणून नंदीला सांगितलं, "जरा बाजूला सरक." इथल्या देवळात नंदी अजूनही थोडा बाजूलाच बसलाय. दर वर्षी आनी महिन्यात, म्हणजे जून-जुलैत, या मांडवाचा उत्सव होतो.

आता सांगा, त्या दिवसांत भर दुपारी इथे उभे राहिलात तर तुमची सावली कुठे पडेल? दक्षिणेला! पट्टीश्वरम् विषुववृत्ताच्या उत्तरेला फक्त 11 अंशांवर आहे, आणि जूनअखेरीस सूर्य 23 अंशांच्याही पुढे गेलेला असतो. म्हणजे इथल्या डोक्यावरून पार उत्तरेला. असे साधारण चार महिने. उरलेले आठ महिने मात्र दुपारचा सूर्य दक्षिणेला. म्हणून गच्चीवरची सोलर पॅनेलं इथेही दक्षिणेकडेच तोंड करतात, पण पुण्यातल्यासारखी 18 अंश नव्हे, तर जेमतेम 11 अंश कललेली.

मला सगळ्यात नवल वाटतं ते पुढेच. पॅनेलला ऊन हवं, पण उष्णता नको! प्रकाश सिलिकॉनवर पडला की त्यातले इलेक्ट्रॉन सुटतात आणि वीज वाहू लागते. पॅनेलची ताकद मोजतात ती 25 अंश सेल्सियसला. उन्हाने ते 65 अंशांपर्यंत तापलं, तर वीज दहा-पंधरा टक्क्यांनी घटते. म्हणून पॅनेल गच्चीला चिकटवत नाहीत, खालून वारा खेळेल इतकी जागा ठेवतात. त्याच्या सावलीत गच्चीही कमी तापते. झाला की नाही मांडव?

एक किलोवॅटची पॅनेलं दिवसाला साधारण चार युनिट देतात. 2024 मध्ये केंद्र सरकारने एक कोटी घरांसाठी योजना आणली, तीन किलोवॅटला 78,000 रुपयांची मदत. घरात दिवे-पंखे जास्त लागतात रात्री, म्हणून दिवसाची जादा वीज तारांत सोडायची आणि मीटरने तिचा हिशेब ठेवायचा. भाताच्या गिरणीचं किंवा कॉफी दळणाऱ्या दुकानाचं काम मात्र दिवसाच, तेव्हा ऊन पडलं की यंत्र सुरू! मला वाटतं, अशा छोट्या धंद्यांच्या छपरांवर पॅनेलं फार झपाट्याने वाढतील.

आणि ढग आले तर? आपल्याकडे ढग जुलैत, तिकडचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. 31 डिसेंबर 2013 ला दक्षिणेचं वीजजाळं देशाच्या जाळ्याला जोडलं गेलं. त्यामुळे नोव्हेंबरच्या एखाद्या झाकोळलेल्या दुपारी पट्टीश्वरमच्या पंख्याला सोलापूरचं ऊनही थोडं फिरवत असेल, आणि जुलैत आपल्या पंख्याला तिकडचं.