हैदराबादचे खाणे : दावतीचे ताट आणि रोजचे ताट

भारतीयांनी काय आणि किती खावे, याचे शास्त्रीय मार्गदर्शन करणारी देशातील सर्वोच्च संस्था बिर्याणीच्या शहरात आहे. हैदराबादच्या तारनाका भागातील राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहार मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भाराचा संबंध अयोग्य आहाराशी आहे, असे त्या वेळी संस्थेने नमूद केले होते. गोमंतकीयांनी हे वाक्य विशेष गांभीर्याने घ्यावे असे दुसरे एक कारण आहे. २०२३ च्या जून महिन्यात प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह पाहणीत २६.४ टक्के प्रमाणासह गोवा पहिल्या क्रमांकावर होता. देशाची सरासरी तेव्हा ११.४ टक्के होती.

शिक्षण, माहिती तंत्रज्ञानातील नोकरी, वैद्यकीय उपचार किंवा पर्यटन यांसाठी हैदराबादला जाणाऱ्या गोमंतकीयांची संख्या लक्षणीय आहे. थेट विमानसेवा आहे, सिकंदराबाद–वास्को रेल्वेही आहे. तिथे गेल्यावर खाण्याचा आनंद घ्यावा की पथ्य सांभाळावे, असा प्रश्न अनेकांना पडतो. तो प्रश्नच काहीसा चुकीचा आहे. हैदराबादच्या खाद्यपरंपरेत दोन वेगळी ताटे आहेत. एक दावतीचे, दुसरे रोजचे. बाहेरून येणाऱ्याला पहिलेच तेवढे दिसते आणि तो तेच रोज जेवू लागतो. अडचण तिथून सुरू होते.

दावतीचा मूळ हिशेब

मसाल्यात मुरवलेले कच्चे मटण, त्यावर अर्धवट शिजलेल्या तांदळाचे थर, तळलेला कांदा, केशर, तूप आणि कणकेने बंद केलेले झाकण, ही हैदराबादच्या कच्च्या बिर्याणीची रीत. हा पदार्थ निजामकालीन मेजवान्यांत आणि लग्नघरांत वाढला. त्या पंगतीत दस्तरखानाभोवती बसलेली माणसे एका मोठ्या ताटातून वाटून जेवत. हलीमचेही तसेच. दलिया, डाळी, मटण आणि तूप तासन्‌तास भट्टीवर शिजवून, लाकडी घोटण्याने घोटून तयार होणारा हा पदार्थ रमजानच्या महिन्यातला. दिवसभराच्या उपवासानंतर शरीराला बळ देणारा. २०१० मध्ये हैदराबादी हलीमला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा असे मानांकन मिळवणारा तो देशातील पहिला मांसाहारी पदार्थ ठरला.

या पदार्थांना त्यांच्या परंपरेने तीन मर्यादा घातल्या होत्या : ते विशिष्ट प्रसंगी होत, वाटून खाल्ले जात आणि त्यांच्या आधी किंवा नंतर साधे जेवण असे. आज या तिन्ही मर्यादा सैल झाल्या आहेत. मोबाइलवरून मागवलेली बिर्याणी मध्यरात्रीही दारात येते, ती एकट्यासाठी असते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागवता येते. पाककृती फारशी बदललेली नाही, खाण्याची वारंवारता बदलली आहे. दोष द्यायचा तर तो या बदलाला द्यावा लागेल.

ताटाचे गणित

पोषण संस्थेने दिवसाला सुमारे दोन हजार उष्मांकांची गरज असलेल्या प्रौढासाठी नमुना ताट सुचवले आहे. त्यात कच्च्या वजनाने धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, डाळी, अंडी किंवा मांस ८५ ग्रॅम, दाणे व तेलबिया ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम आणि दूध किंवा दही ३०० मिलिलिटर असे प्रमाण आहे. एकूण उष्मांकांत धान्याचा वाटा ४५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावा आणि दिवसभराच्या ताटाचा निम्मा भाग भाज्या व फळांनी व्यापलेला असावा, ही त्यामागची मुख्य कल्पना. मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम.

या मोजमापावर बिर्याणीचे ताट ठेवून पाहिले की त्यातील उणीव लगेच ध्यानी येते. प्रथिने आहेत, पण भाजी जवळजवळ नाही. सोबत येणारा कांदा आणि लिंबू भाजीची जागा घेऊ शकत नाहीत. २७ ग्रॅम म्हणजे साधारण सहा लहान चमचे तेल-तूप. बिर्याणीतला तळलेला कांदा, भातातले तूप आणि मिरचीच्या सालनावर तरंगणारा तवंग एकत्र धरला तर दिवसभराचा हा वाटा एकाच जेवणात संपू शकतो. म्हणून बिर्याणी जेवलेल्या दिवशी उरलेली दोन जेवणे हलकी आणि भाजीची असणे आवश्यक ठरते. मधुमेही व्यक्तीच्या बाबतीत तर हा समतोल ऐच्छिक राहत नाही.

रोजचे ताट कुठे दिसते

हैदराबादचे रोजचे ताट पाहायचे तर सकाळी टिफिन सेंटरसमोर उभे राहावे. तिथे टिफिन म्हणजे डबा नव्हे, नाश्ता. वाफवलेली इडली आणि अख्ख्या हिरव्या मुगाचा पेसरट्टू हे या नाश्त्यातील सर्वांत गुणी पदार्थ. मूग भिजवून, आले-मिरची घालून वाटायचे आणि तव्यावर पातळ पसरायचे. तेल कमी घालायला सांगितले तर बहुतेक ठिकाणी ऐकले जाते. त्याच गाडीवर लोणी आणि चीज घातलेला डोसाही मिळतो. तो चविष्ट असतो, पण त्याला दावतीच्या खात्यात टाकलेले बरे.

दुपारच्या तेलुगू जेवणाचा कणा म्हणजे पप्पू, अर्थात घट्ट वरण. त्यात पालक, कैरी, टोमॅटो किंवा गोंगूरा शिजवलेला असतो. गोंगूरा म्हणजे अंबाडीची आंबट पालेभाजी. गोव्यातल्या अंबाड्यांशी तिचा संबंध नाही. तोटकूर ही आपल्या तांबड्या भाजीच्या कुळातली, चुक्ककूर म्हणजे चुका. चिंचेच्या कोवळ्या पाल्यालाही इथे मानाचे स्थान आहे. तेलुगू घरांत तो डाळीत पडतो आणि मुस्लिम घरांत त्याचे चिगूर गोश्त होते. डाळीबरोबर पालेभाजी एकाच भांड्यात शिजवण्याची ही सवय म्हणजे पोषण संस्थेच्या सल्ल्याचेच घरगुती रूप आहे.

संध्याकाळी शहरातील अनेक रस्त्यांच्या कडेला स्त्रिया तव्यावर ज्वारीची भाकरी भाजताना दिसतात. तेलुगूत तिला जोन्न रोट्टे म्हणतात. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचाच भाग होता आणि दख्खनच्या पठारावरचे हे धान्य भाषेची सीमा मानत नाही. त्यामुळे मराठी माणसाला ही चव परकी वाटत नाही. नाचणीची पातळ जावा आणि रायलसीमेकडून आलेली रागी संगटी यांचे नाते गोमंतकीय घरातील नाचणीच्या आंबिलीशी सहज जुळते.

एकट्या राहणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि नोकरदारांना आणखी एक व्यवस्था उपयोगी पडते. वस्त्यावस्त्यांतील करी पॉइंटवर तयार वरण, भाज्या, सांबार आणि रसम पिशवीतून मिळते. भात घरी लावायचा आणि बाकीचे तिथून आणायचे. अशा ठिकाणी तळलेल्या भाजीऐवजी पप्पू आणि एक रसभाजी निवडली तर बिर्याणीच्या पार्सलपेक्षा कमी खर्चात संतुलित जेवण होते. आंध्र प्रदेश एकसंध असताना १९९९ मध्ये सुरू झालेले रयतू बाजार आजही शहरात आहेत. शेतकऱ्यांकडून थेट ताज्या भाज्या तिथे घेता येतात.

एकाच धान्याचा मोह नको

भरडधान्यांची सध्या मोठी चर्चा आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होते आणि भारतीय भरडधान्य संशोधन संस्था हैदराबादच्याच राजेंद्रनगर भागात आहे. त्यामुळे भात सोडून ज्वारी धरली की सर्व प्रश्न सुटतील, असे अनेकांना वाटू लागले आहे. पोषण संस्थेचा स्वतःचा इतिहास मात्र सावध करतो.

१९१८ मध्ये रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांनी तमिळनाडूतील कुन्नूर येथे एका खोलीत बेरीबेरी या रोगाचा शोध घेण्यासाठी काम सुरू केले. त्यातूनच ही संस्था वाढली आणि १९५८ मध्ये हैदराबादला आली. पांढराशुभ्र सडलेला तांदूळ हेच मुख्य अन्न असलेल्या लोकांना बेरीबेरी होत असे, कारण तांदूळ सडताना कोंड्याबरोबर ब-१ जीवनसत्त्व निघून जाते. भात उकडून मग सडला तर हे जीवनसत्त्व दाण्याच्या आत शिरते आणि बरेचसे टिकते. गोमंतकीयांच्या पेजेतील उकड्या तांदळाचे शहाणपण हेच.

पुढे १९६० मध्ये याच संस्थेतील सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी दख्खनमधील पेलाग्रा या रोगाविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. हा रोग ज्वारीवरच जगणाऱ्या गरीब कुटुंबांत आढळत होता. ज्वारीतील ल्यूसिन या घटकाला त्यांनी कारणीभूत मानले. त्या कारणमीमांसेवर नंतर मतभेद झाले, तरी मुख्य धडा टिकून आहे. तांदूळ असो वा ज्वारी, एकाच धान्यावर पोट भरणारे ताट अपुरे असते. डाळ, पालेभाजी, दूध किंवा मासळी सोबत असेल तरच धान्याचे गुण अंगी लागतात.

चहा, वेळ आणि स्वच्छता

इराणी चहा हे हैदराबादचे दुसरे व्यसन. आटवलेले दूध आणि वेगळा उकळलेला कोरा चहा कपात एकत्र करतात. साखर बहुधा आधीच मिसळलेली असते. सोबत उस्मानिया बिस्किट म्हणजे मैदा, लोणी आणि साखर. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाची वरकड साखर २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, आणि ही मर्यादा अशा तीन-चार कपांत गाठली जाऊ शकते. दिवसाला एक कप, तोही शक्य असल्यास बिनसाखरेचा, हा सुवर्णमध्य. बिर्याणीनंतर लगेच चहा घेण्याची पद्धत मात्र टाळावी. चहातील टॅनिन अन्नातील लोहाच्या शोषणात अडथळा आणते, म्हणून जेवणाच्या आधी व नंतर किमान एक तास चहा-कॉफी घेऊ नये, असे २०२४ ची मार्गदर्शिका सांगते. रक्तक्षय असलेल्या स्त्रियांसाठी हे विशेष महत्त्वाचे. जेवणासोबत ताक, म्हणजे तिथले मज्जिगा, अधिक योग्य.

बिर्याणी खायची तर दुपारी खावी आणि दोघांत एक घ्यावी. आधी काकडी-कांद्याची कोशिंबीर व दही, मग मटण आणि शेवटी भात, या क्रमाने जेवल्यास रक्तातील साखर तुलनेने हळू वाढते. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे चालण्याचाही उपयोग होतो. सालन घेताना वरचा तवंग बाजूला सारावा. युरिक आम्ल वाढलेल्यांनी निहारी-पाया टाळलेला बरा. इन्सुलिन किंवा मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी प्रवासात जेवणाच्या वेळा बदलण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

स्वच्छतेकडे दुर्लक्ष करून आरोग्याचा विचार पुरा होत नाही. कच्च्या अंड्याच्या मेयोनेझमुळे विषबाधेच्या तक्रारी वाढल्याने तेलंगणा सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यावर एक वर्षाची बंदी घातली होती. मंदीच्या थाळीसोबत किंवा कबाबाबरोबर येणारी पांढरी चटणी कशाची आहे, हे विचारण्यात संकोच नसावा. शिजलेला भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला तर त्यात जंतू वाढतात आणि पुन्हा गरम केल्यावरही त्यांचे विष नेहमी नष्ट होत नाही. म्हणून गर्दीच्या वेळी, ताजे भांडे उघडताना घेतलेली बिर्याणी अधिक सुरक्षित. रात्री उशिरा भांड्याच्या तळाशी उरलेली नको.

दोन्ही ताटे पाहून आलेला गोमंतकीय परत आल्यावर आपल्याही ताटाकडे नव्या नजरेने पाहू शकतो. चतुर्थीतले गोडधोड, लग्नातल्या मेजवान्या आणि आठवडाअखेरचे हॉटेल हे आपले दावतीचे ताट. पेज, हुमण, नाचणी, तांबडी भाजी आणि अळसांदे हे रोजचे. २६.४ टक्क्यांचा आकडा या दोन ताटांतली सीमा पुसली जात असल्याचा इशारा आहे. हैदराबादला जाऊन बिर्याणी न खाता येण्यात काही पुण्य नाही. ती मनापासून खावी, वाटून खावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेसरट्टूसमोर, संध्याकाळी भाकरी-पप्पूसमोर बसावे. त्या शहरातली जुनी घरे पूर्वीपासून असेच जेवत आली आहेत.