जयंती संपल्यावरची बैठक

मराठवाड्यात भीमजयंती एका दिवसात उरकत नाही. १४ एप्रिलला नांदेड आणि लातूर शहरांत निळे झेंडे फडकतात. खेड्यांतल्या मिरवणुका मात्र मे महिन्यापर्यंत चालतात. आज या गावची जयंती, चार दिवसांनी पलीकडच्या गावची. तारखा मागेपुढे असल्या की पाहुण्यारावळ्यांना एकमेकांच्या गावी जाता येतं. लेकीबाळी माहेरी येतात, पुण्या-मुंबईला पोटासाठी गेलेली पोरं त्याच बेताने सुट्टी काढतात.

या सगळ्याची सुरुवात होते ती पावतीपुस्तकापासून. मंडळाची पोरं संध्याकाळी घरोघर फिरतात. नोकरदार जास्त देतो, मजुरी करणारी बाई तिला झेपेल तेवढी वर्गणी देते आणि पावती नीट घडी घालून ठेवते. पैसा सगळ्यांचा, म्हणून हिशेबही सगळ्यांसमोर. सभा बोलावणं, ठराव मांडणं, जमाखर्च वाचणं, अध्यक्ष निवडणं हे नागरिकशास्त्र इथली कितीतरी मुलं मतदार यादीत नाव लागण्याआधीच शिकतात.

सार्वजनिक जयंतीची प्रथा जनार्दन रणपिसे यांनी १९२८ साली पुण्यात सुरू केली. मराठवाड्यात तिला वेगळी धार आली ती नामांतराच्या लढ्याने. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरं जळाली, माणसं परागंदा झाली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे यांचा बळी गेला. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी गौतम वाघमारे यांनी नांदेडात नामांतरासाठी आत्मदहन केलं. पुढे १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. सोळा वर्षांच्या या लढ्यात विहार आणि वस्तीतला मोकळा चौक हीच बैठकीची जागा होती. मोर्चाचं नियोजन तिथेच व्हायचं, जळालेल्या घरांसाठी धान्य आणि कपडेही तिथेच गोळा व्हायचे.

समुद्रापलीकडेही हेच घडत होतं. अमेरिकेत माँटगोमेरीच्या कृष्णवर्णीयांनी १९५५ च्या डिसेंबरपासून ३८१ दिवस शहरबसवर बहिष्कार टाकला, तो चर्चमधल्या सभांच्या आणि तिथे जमणाऱ्या वर्गणीच्या बळावर. १९६९ साली ब्लॅक पँथर पक्षाने गरीब मुलांना सकाळचा नाश्ता द्यायला सुरुवात केली. त्याच पक्षाचं नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्याही आधी, १९४६ मध्ये, बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. दोन्ही समाजांचं दुखणं एकमेकांना ओळखीचं होतं.

नांदेड जिल्ह्यात अर्धापूरजवळ दाभडच्या बावरीनगर महाविहारात पौष पौर्णिमेला बौद्ध धम्म परिषद भरते. पांढऱ्या साड्या नेसलेल्या उपासिका, खांद्यावर लेकरू, हातात शिदोरीची पिशवी अशी गर्दी तिथे लोटते. भिक्खूंची देसना ऐकायची, पुस्तकांच्या दुकानांवर थबकायचं, भोजनदानाच्या रांगेत बसायचं. वर्षभर न भेटलेले सोयरे तिथे भेटतात आणि मुलामुलींची स्थळंही तिथेच निघतात. लातूर जिल्ह्यात उदगीरला उभ्या राहिलेल्या बुद्ध विहाराचं उद्घाटन ४ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते झालं.

मोठ्या विहारांइतकंच मोल गल्लीतल्या पत्र्याच्या विहारालाही आहे. वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, तिथे संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो. नीट अक्षरओळख नसलेल्या आजीबाई पुढे बसतात, आठवीतली नात वाचून दाखवते. वंदना झाली की सूचना होतात: कोण दवाखान्यात आहे, कुणाच्या पोरीची फी राहिली आहे, रेशन कार्डाचे अर्ज कधी भरायचे. बोलता बोलता पैसे गोळा होतात.

अलीकडे अनेक मंडळांनी डीजेच्या खर्चाला कात्री लावली आहे. सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात, रक्तदान शिबिरं भरतात. अभिवादनाला येताना हार-मेणबत्तीऐवजी एक वही आणि एक पेन आणा, असं आवाहन केलं जातं. जमलेल्या वह्या गरजू मुलांपर्यंत पोचतात.

मिरवणूक संपली, मंडप उतरला की सतरंजी पुन्हा अंथरली जाते. खजिनदार वही उघडतो, एकेक आकडा मोठ्याने वाचतो. शिल्लक किती, हे कळताच मागच्या रांगेतली बाई विचारते, "मग औंदा अभ्यासिकेला पंखा बसवायचा का?"